उन्हाचा जमाखर्च

आपल्या जिल्ह्यात ‘बॅटरी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. रात्रीच्या पाळीचे पाणी धरावयाला शेतकरी निघतो, तेव्हा घरातून हाक येते, “बॅटरी घेतली का?” ती हातातली बॅटरी होय. दुसरी काळ्या पेटीतली, जड, तारा जोडलेली; ती ट्रॅक्टरात असते, फवारणीच्या पंपात असते, आणि अलीकडे शेताच्या कडेला झटका मशीनखाली असते. या लेखाचा विषय ती दुसरी बॅटरी, आणि तिच्या डोक्यावर उन्हात बसविलेली निळी-काळी काच, जिला खेडोपाडी सोलरची ‘प्लेट’ म्हणतात.

विषय सुचला तो एका प्रश्नावरून. वाशी तालुक्यातील एका शेतकरी गृहस्थांनी कार्तिकात आम्हांस विचारले, “सर, ऊन फुकटचं, प्लेट दोन वर्षांची, तडा नाही की काही नाही. मग बॅटरी कशानं मेली?” प्रश्न साधा दिसतो, पण त्यामागे त्यांचा तुरीचा तुकडा होता, आणि त्या तुकड्यावर रात्री उतरणारी हरणे व रानडुकरे होती. बॅटरी मेली त्या रात्रीपासून झटका मशीन मुके झाले होते आणि गृहस्थ स्वतः काठी घेऊन आखाड्यावर जागत होते. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे तर आधी प्लेट काय करते आणि बॅटरी काय करते, हे थोडे पाहिले पाहिजे.

प्लेटमध्ये सिलिकॉनच्या पातळ चकत्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. प्रकाश पडला की सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉन मोकळे होतात, आणि चकतीची घडणच अशी असते की ते एकाच दिशेने ढकलले जातात. ही ढकल म्हणजेच विद्युत्दाब. एका चकतीचा दाब काम करताना अर्ध्या व्होल्टच्या आसपास, म्हणून लहान प्लेटमध्ये बहुधा ३६ चकत्या ओवतात आणि सुमारे १८ व्होल्ट मिळवितात. बॅटरी १२ व्होल्टची असताना प्लेट १८ ची कशाला, असे कोणी विचारील. टाकीत पाणी चढवावयाचे तर नळाचा उगम टाकीच्या काठापेक्षा उंच हवा. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरण्यास १४.४ व्होल्टपर्यंतचा दाब लागतो, आणि तापलेल्या प्लेटचा दाब उतरतो. तेव्हा वरचा वाढावा हा चैनीचा नव्हे.

प्रकाशापासून वीज होते ही गोष्ट फ्रान्समधील बेकरेल यांनी १८३९ मध्येच दाखविली होती. परंतु कामास येईल असा सिलिकॉनचा घट निघाला तो १९५४ च्या एप्रिलात, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत. चॅपिन, फुलर आणि पिअर्सन ही त्या तिघांची नावे. त्यांनी पहिल्या प्रदर्शनात एक खेळण्यातला पाळणा उजेडावर फिरवून दाखविला. पडलेल्या प्रकाशाच्या शंभर भागांपैकी जेमतेम सहा भागांची वीज त्यांना करता आली. आजची चांगली प्लेट वीस भागांच्या आसपास करते. या शोधामागे निमित्त होते ते बॅटरीचेच. उष्ण आणि दमट मुलखात दूरध्वनीच्या कोरड्या बॅटऱ्या लवकर नासत, त्यांना पर्याय हवा होता. त्या साली आपला जिल्हा हैदराबाद राज्यात होता आणि बहुतेक गावांत रॉकेलची चिमणी जळत होती. त्या प्रयोगशाळेतील मंडळींना वाशी तालुक्याचे नावही ठाऊक नव्हते. पण अडचण मात्र आपल्यासारखीच होती.

आता बॅटरी. शिसे आणि आम्ल यांची, पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी फ्रान्सच्या प्लांते यांनी १८५९ मध्ये केली. तिची मूळ रचना अजून तीच आहे. बारा व्होल्टच्या पेटीत सहा घट असतात, प्रत्येकी दोन व्होल्टांहून किंचित अधिक दाबाचे. वीज काढून घेतली की दोन्ही बाजूंच्या शिशाच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट बसते आणि आम्ल पातळ होते. वीज परत घातली की ते सल्फेट विरघळते आणि आम्ल पुन्हा दाट होते. हे ताजे सल्फेट मऊ असते. परंतु बॅटरी रिकामीच ठेवली, आठवडा, पंधरा दिवस, महिना, तर त्याचे कठीण खडे बनतात, आणि मग ते परत विरघळत नाहीत. न घासलेल्या माठाच्या तळाशी क्षार बसून माठात पाणी कमी मावू लागते, तसेच हे आहे. उलट बाजूने, बॅटरी भरल्यावरही वीज घालीतच राहिले तर ती वीज आतल्या पाण्याचेच तुकडे करू लागते; हायड्रोजन आणि ऑक्सिजन वायू सुटतात आणि पाणी आटते. म्हणजे बॅटरीला उपासही सोसत नाही आणि अजीर्णही सोसत नाही.

अजीर्णाचा अनुभव आम्ही स्वतः विकत घेतला आहे. आमच्या गच्चीवरच्या एका दिव्यासाठी आम्ही २० वॅटची प्लेट आणि १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बंद बॅटरी आणली. विकणाऱ्याने सांगितले, “मधे काही लागत नाही, तांबडी तांबडीला, काळी काळीला.” आम्ही शिकलेसवरलेले, तरी चारपाचशे रुपये वाचतात म्हणून ऐकले. फाल्गुनात जोडले. दिवा रात्री दोन तास लागे, म्हणजे खर्च अगदी थोडा. बॅटरी दहा वाजण्याच्या आत भरे आणि पुढे सायंकाळपर्यंत प्लेट तिच्यात सव्वा अँपिअरच्या आसपास ओततच राही. वैशाख संपता संपता पेटीच्या दोन्ही बाजू पोटासारख्या फुगल्या. बंद बॅटरीत पाणी घालण्याची सोय नाही, त्यामुळे ती फेकण्याच्याच लायकीची राहिली. चारपाचशे वाचविण्यासाठी आम्ही हजारावर घालविले, आणि घरात अजूनही त्याची आठवण करून दिली जाते.

मधे जी वस्तू लागते तिला चार्ज कंट्रोलर म्हणतात. आपण तिला पहारेकरी म्हणू. तळहाताएवढी ही डबी तीन कामे करते. बॅटरी भरत आली की प्लेटकडून येणारी वीज थोडी थोडी करून सोडते, आणि दाब १४.४ च्या वर जाऊ देत नाही. रात्री बॅटरीतील वीज उलट प्लेटमध्ये झिरपू देत नाही. आणि बॅटरी फार रिकामी होऊ लागली की दिवा वा यंत्र तोडून टाकते, म्हणजे उपास घडत नाही. जोडताना आधी बॅटरी, मग प्लेट, आणि शेवटी दिवा हा क्रम ठेवावा, कारण डबीला समोर बॅटरी आहे हे आधी कळावे लागते, काढताना उलट. बॅटरीच्या धन टोकाजवळ एक फ्यूज घालावा. लहान बॅटरीतही दोन टोके चुकून जुळली तर तार लाल होऊन वरचे आवरण जळण्याइतकी शक्ती असते.

आता त्या गृहस्थांकडे वळू. आम्ही त्यांच्या आखाड्यावर गेलो. मशीनमध्येच पहारेकरी बसविलेला होता, तेव्हा अजीर्णाची शंका गेली. आम्ही सूर्य उगवण्यापूर्वी, काहीही चालू नसताना, मीटरने बॅटरीचा दाब मोजला. पूर्ण भरलेली, विसावलेली बॅटरी १२.७ व्होल्ट दाखविते, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ च्या खाली म्हणजे रिकामी. यांची बॅटरी दिवसभर दुसऱ्या चार्जरवर ठेवून, रात्रभर विसावू देऊनही १०.५ दाखवीत होती. हा आकडा बोलका आहे. सहा घटांपैकी एक संपूर्ण बसला आणि पाच जिवंत राहिले की साधारण एवढाच दाब उरतो. अशा बॅटरीला कितीही ऊन दाखविले तरी उपयोग नाही.

ती बसली कशाने, हे मात्र मीटर सांगत नाही. ते हिशेबाने काढावे लागते. प्लेट १० वॅटची होती. आपल्याकडे उघड्या आभाळाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळचे मंद ऊन आणि दुपारचे कडक ऊन मिळून जे पडते, ते पूर्ण जोराच्या सुमारे पाच तासांच्या उन्हाएवढे धरावे. म्हणजे कागदावर ५० वॅट-तास. उष्णता, धूळ, तारा, बॅटरीतच जिरणारा भाग हे सर्व वजा जाता एकतृतीयांश तरी सोडून द्यावे, उरले ३३. आता खर्च. पहिल्या वर्षी फक्त झटका मशीन, रात्रभराचे १२ वॅट-तास. जमा ३३, खर्च १२. बॅटरी सुखात होती. दुसऱ्या वर्षी आखाड्यावर माणसे राहू लागली. तीन वॅटचा दिवा चार तास, हे १२. दोन मोबाईल रोज भरावयाचे, प्रत्येकी २० धरू, हे ४०. मशीनचे १२ तसेच. एकूण ६४! आणि मोबाईलच्या तारेचे चिमटे मशीनला न लावता थेट बॅटरीच्या टोकांना लावलेले, म्हणजे पहारेकऱ्याच्या पाठीमागून चोरवाट काढलेली. बॅटरी ८४ वॅट-तासांची. त्यातलेही निम्मेच रोज वापरावे हे शहाणपणाचे. रोज ३१ ची तूट असता ती किती दिवस पुरणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण आपल्या दुष्काळी भागाला कोणी नव्याने शिकवावी लागत नाही.

हिशेबात आणखी एक भोक होते, ते आम्हांस दुपारी दिसले. प्लेटच्या पश्चिमेस एक कडुनिंब आहे. दोन वर्षांत त्याच्या फांद्या वाढल्या होत्या, आणि एक वाजल्यानंतर प्लेटच्या एका कोपऱ्यावर सावली येत होती. गृहस्थ म्हणाले, “एवढीशीच तर हाय.” पण चकत्या एकापुढे एक ओवलेल्या असतात; पाटात एके ठिकाणी ढेकूळ पडले तर खालच्या साऱ्या वाफ्यांचे पाणी अडते. तीन-चार चकत्या सावलीत गेल्या की साऱ्या प्लेटची वीज जवळजवळ तेवढ्यावर येते. म्हणजे खरी जमा ३३ देखील नव्हती, सतराच्या आसपास होती. आमची बॅटरी भरून भरून मेली, त्यांची उपाशी राहून मेली. ऊन दोन्हीकडे सारखेच होते.

येथे थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. झटका मशीन बॅटरीवर चालते ते काटकसरीसाठी नव्हे. ते तारेत जोराचा पण सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरता झटका सोडते, आणि मग सुमारे सेकंदभर गप्प राहते. त्या मधल्या वेळात जनावर वा माणूस तारेपासून दूर होऊ शकते. झटक्यातील एकूण शक्तीही मोजून कमी ठेवलेली असते. बॅटरी मेली, पीक उभे आहे, हरणे आली, अशा वेळी कोणीतरी सुचवितो की खांबावरून आकडा टाकून वीज सरळ कुंपणात सोडावी. ती वीज सेकंदभरही थांबत नाही, आणि ज्या हाताने तार धरली तो हात आकसून तारेलाच घट्ट धरतो. अशा कुंपणांनी महाराष्ट्रात माणसे मेली आहेत: पहाटे पाणी धरावयास गेलेला शेजारी, तार लावणाऱ्याच्याच घरातले माणूस. कायद्याने तो गुन्हा आहेच. आमच्या गृहस्थांनाही शेजाऱ्याने हाच सल्ला दिला होता. त्यांनी तो मानला नाही, काठी घेऊन जागले. आणि जागून जागून कंटाळल्यावर तो प्रश्न घेऊन आले. साडेआठशे-हजाराची बॅटरी जगविणे हा प्रश्न एवढा लहान नाही, तो याच कारणासाठी.

लहान प्लेटचा दुसरा मोठा वापर आपल्या जिल्ह्यातून बाहेर जाणाऱ्यांकडे आहे. भूम, वाशी, कळंब या भागांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कारखान्याच्या परिसरात उघड्या माळावर कोप्या पडतात. तेथे विजेचा खांब जवळ असेलच असे नाही. पहाटे अंधारात स्वयंपाक, रात्री कधीही गाडी भरावयाची हाक. पूर्वी पाचटाच्या कोपीत रॉकेलची चिमणी जळे. वाळलेले पाचट आणि उघडी ज्योत हे शेजार कसले, हे सांगावयास नको. आता कित्येक बैलगाड्यांवर भांड्यांच्या बोचक्याशेजारी एक प्लेट बांधलेली दिसते. तिच्यावर दिवा लागतो आणि गावी आजीपाशी ठेवलेल्या लेकराशी बोलावयाचा मोबाईल भरतो.

या मंडळींना एक सूचना. ती भूगोलाची आहे. धाराशिव विषुववृत्ताच्या उत्तरेस १८ अंशांवर आहे. आपण या व्याख्यानांना जमतो त्याच दिवसांत, १३ मेच्या सुमारास, दुपारी बारा वाजून वीस-बावीस मिनिटांनी येथे उभ्या काठीची सावली नाहीशी होते. सूर्य अगदी डोक्यावर असतो, तेव्हा प्लेट सपाट ठेवली तरी चालते. पण ऊसतोडीचा हंगाम हिवाळ्याचा. मार्गशीर्ष-पौषात दुपारचा सूर्य दक्षिणेला इतका कलतो की सपाट ठेवलेल्या प्लेटला भर दुपारीही पाव हिस्सा ऊन कमी मिळते. कोपीच्या छपरावर प्लेट नुसती टाकण्याऐवजी उत्तरेकडची बाजू वीतभर उचलून तोंड दक्षिणेला केले तर तेवढ्याच प्लेटमध्ये मोबाईल अधिक भरतो. वर्षभर एकाच जागी असणारी प्लेट मात्र १८-२० अंश दक्षिणेला कलती बसवावी; पावसाने धूळही धुऊन जाते.

उजेड गावोगाव नेण्याचे काम आपल्याकडे स्त्रियांनीही केले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात उमरगा भागातील आणि सास्तूरसारखी गावे कोसळली. त्यानंतरच्या पुनर्वसनात ज्या बायका पुढे आल्या, त्यांच्याबरोबर ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था काम करीत राहिली, आणि पुढील वर्षांत लातूर-धाराशिवकडच्या अनेक स्त्रियांनी सुधारलेल्या चुली व सौर दिवे घरोघर विकण्याचा व्यवसाय केला. विकणारी बाई गावातलीच असली की दिवा बंद पडल्यावर कोणाच्या दारात जावयाचे हे ठाऊक असते. आमच्या गच्चीवरच्या बॅटरीच्या बाबतीत आम्हांस ती सोय नव्हती.

उन्हाळ्याबद्दल एक गैरसमज सर्वत्र आहे. ऊन जितके तापेल तितकी वीज जास्त, असे लोक समजतात. प्लेटला उजेड हवा, उष्णता नको. चैत्र-वैशाखात पत्र्यावर चिकटवून बसविलेली प्लेट ६५ अंशांपर्यंत तापते. प्लेटची किंमत ठरते ती २५ अंशांवर मोजून. त्यापुढे दर अंशाला हजारात सुमारे चार भाग घटतात. ४० अंश वर गेले की २० वॅटची प्लेट १७ सुद्धा देत नाही. पत्रा आणि प्लेट यांत वीतभर पोकळी ठेवून वारा खेळू द्यावा, एवढाच उपाय आहे. बॅटरीला तर उष्णता फारच वाईट. नेहमीच्या तापमानापेक्षा दहा अंश अधिक तापमानात ती कायम राहिली तर आयुष्य जवळजवळ निम्मे होते. म्हणून प्लेट उन्हात आणि बॅटरी सावलीत, हवेशीर जागी. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी दोन्ही एकाच खांबाला उन्हात बांधलेल्या दिसतात.

पावसाळ्यात हिशेब बदलतो. झड लागली की पाच तासांचे दोन तासही होत नाहीत, आणि सोयाबीनची राखण नेमकी तेव्हाच असते. म्हणून प्लेट हिवाळ्याच्या हिशेबाने न घेता श्रावणाच्या हिशेबाने, म्हणजे दुप्पट, घ्यावी. बॅटरी मोठी घेतल्याने हे साधत नाही. पुष्कळांना वाटते, बॅटरी मोठी म्हणजे वीज जास्त. एका गृहस्थांनी घरच्या इन्व्हर्टरच्या १०० अँपिअर-तासांच्या जुन्या बॅटरीला २० वॅटची प्लेट लावली होती. प्लेटची खरी जमा दिवसाला साठ-पासष्ट वॅट-तास, आणि बॅटरीचे पोट १,२०० चे. काहीही न वापरता ती भरावयास वीस दिवस लागतील! मोठा रांजण आणला म्हणून झरा वाढत नाही.

लिथियमच्या बॅटऱ्या आता फवारणी पंपांत आणि दिव्यांत येऊ लागल्या आहेत. त्यांतील लोह-फॉस्फेटचा प्रकार चांगला. हलका, अर्धवट भरलेला राहिला तरी न कुरकुरणारा, आणि पुष्कळ अधिक वेळा भरता येणारा. किंमत जास्त, आणि त्यांचा पहारेकरी निराळा असतो. शिशाच्या बॅटरीची डबी तिला लावू नये. मेलेली शिशाची बॅटरी मात्र अंगणात फोडू नये. तिच्या शिशाची बाजारात किंमत असते, दुकानदार ती जुन्याच्या बदल्यात वळती करून घेतो. आणि ते शिसे चुलीवर वितळविण्याचा धूर लहान मुलांच्या मेंदूला कायमचा बाधतो.

वाशीच्या गृहस्थांनी शेवटी काय केले ते सांगावयाचे राहिले. कडुनिंब तोडण्यास त्यांच्या आईने नकार दिला, म्हणून खांबच वीस पावले पूर्वेला हलविला. १० वॅटच्या जागी ४० वॅटची प्लेट आणली, १२ अँपिअर-तासांची बॅटरी घेतली आणि चिमट्यांची चोरवाट बंद करून मोबाईल पहारेकऱ्याच्या मार्गाने भरू लागले. झडीच्या दिवसांत दोनऐवजी एकच मोबाईल, हे घरात ठरले. एक स्वस्तातला मीटर त्यांनी घेतला आहे. आखाड्याच्या भिंतीवर, दाराशेजारी, कोळशाने रोज सकाळचा आकडा लिहिलेला असतो. आम्ही परवा गेलो तेव्हा शेवटचा आकडा १२.६ होता, आणि त्यांचा धाकटा मुलगा तो खोडून पुन्हा नीट अक्षरात लिहीत होता.